बैल मोजला, इंजिन कुणी मोजायचे?



सीनेने सप्टेंबर २०२५ मध्ये काय केले, हे या बैठकीला येणाऱ्या कुणाला सांगायला नको. जिच्या कोरड्या पात्रात आपण उन्हाळाभर गुरे चारली, जिच्यात पाणी सोडा म्हणून अर्ज-विनंत्या केल्या, तीच नदी करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर अशी गावामागून गावे पोटात घेत गेली. लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद पडला, विजापूरचा रस्ता बंद पडला. उसाचे फड झोपले, सोयाबीन कुजले, दावणीला बांधलेली जनावरे दावणीलाच गेली. रानातली माती वाहून खालचा मुरूम उघडा पडला.

या सगळ्याची मोजदाद झाली. अपुरी झाली, उशिरा झाली, पण कागदावर आली. आज आम्ही लिहितो आहोत ते कागदावर न आलेल्या नुकसानीबद्दल. वस्तीपुढे उभा असलेला ट्रॅक्टर, कारखान्याच्या करारावर चालणारा ट्रक, बांधावरचे डिझेल इंजिन. पाण्याखाली गेलेल्या या लोखंडाचे काय झाले? कुणी पाहिले? कुणी लिहून घेतले?

आणि त्याहून कडू प्रश्न असा, की त्यातली किती इंजिने पुराने मारली आणि किती आपण आपल्याच हाताने मारली?

एका ट्रकची गोष्ट

आमच्यातल्याच एका सोबत्याचा ट्रक. शेतीच्या जोडीला ऊस वाहतुकीसाठी कर्जावर घेतलेला. पाणी चढले तेव्हा तो वस्तीपुढे बंद उभा होता. दीड दिवस ड्रायव्हरच्या सीटपर्यंत पाण्यात होता. पाणी ओसरले, गाळ काढला, पोरांनी गाडी धुतली. ऑइल बदलले. आता प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, "एकदा सेल्फ मारून बघू की!"

सेल्फ मारला. टक्‌ असा आवाज आला आणि इंजिन जागचे हलले नाही. बॅटरी उतरली असेल म्हणून दुसरी लावली. पुन्हा टक्‌. मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आला, साखळी लावली, ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये टाकून ओढला. दोन हिसके बसले, पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि ट्रक चालू झाला. नारळ फुटला. सगळ्यांना वाटले, लक्ष्मी परत आली.

दसरा गेला, दिवाळी गेली. १ नोव्हेंबरला गाळप हंगाम सुरू झाला. ट्रक पळत होता. थोडा धूर टाकत होता, थोडा कमी ओढत होता, पण पळत होता. पहिल्याच पंधरवड्यात उसाने भरलेला असताना चढावर इंजिनातून ठोके ऐकू आले, आणि मिस्त्री येईपर्यंत कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला होता.

विमा होता. कंपनीचा माणूस आला, फोटो काढले आणि शांतपणे म्हणाला, "मालक, पुरात गाडी बंद उभी होती. बंद गाडीचा रॉड पाण्यानं वाकत नाही. तुम्ही ओढून चालू केली, तेव्हा तो वाकला. हे पुराचं नुकसान नव्हे."

भावांनो, त्या माणसाचा आम्हांला राग आला. पण तो खोटे बोलत नव्हता. राग आला तो म्हणूनच जास्त आला. जे ज्ञान दावा नाकारताना त्याच्या जिभेच्या टोकावर होते, ते विमा विकताना कुठे होते? पूर आल्यावर पाणी उकळून प्या, साप-विंचवापासून जपा, हे सांगणारे भोंगे गावात फिरतात, ते चांगलेच आहे. "बुडालेल्या गाडीला चावी लावू नका" ही पाच शब्दांची सूचना कुणी दिली? बँकेने? कारखान्याने? ज्या दुकानातून गाडी घेतली, त्याने? त्या पुस्तिकेत लिहिलेले असेलही. ती इंग्रजीत आहे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून अजून बाहेर निघालेली नाही.

अर्धा कप पाणी

हे ज्ञान काही गुपित नाही. आपण समजून घेऊ.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पिस्टन वर येताना आतली हवा दाबतो. सुमारे सतरा-अठरा भागांची हवा एका भागात कोंबली जाते, ती तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. ट्रकच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरचे माप साधारण एक लिटरच्या आसपास धरा. पिस्टन पूर्ण वर आला की त्याच्या डोक्यावर उरणारी जागा साठ मिलिलिटरच्या आसपास असते. म्हणजे अर्धा कप चहा.

हवा दाबली की दबते. पाणी दबत नाही. अर्ध्या कपापेक्षा जास्त पाणी सिलिंडरमध्ये असेल तर पिस्टनला वर जायला जागाच नाही. सेल्फ मारला की टक्‌ होते ते यामुळे. इंजिन सांगत असते, थांबा, माझ्या पोटात पाणी आहे. आपण ते ऐकत नाही. आपण साखळी लावतो. आता सेल्फची ताकद नव्हे, तर चाकावाटे पुढच्या ट्रॅक्टरची सगळी ओढ क्रँकवर येते. पाणी दबत नाही, क्रँक थांबत नाही, मध्ये सापडतो तो रॉड. तो वाकतो. थोडाच वाकला तर पाणी कसेबसे बाहेर पडते आणि गाडी चालूही होते. आपण नारळ फोडतो. वाकलेला रॉड मात्र रोज हजारो हिसके खात मोडायची वाट बघत असतो.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की उभ्या गाडीवरून पुराचे पाणी गेले तर इंजिन मेलेले नसते. ते वाचवता येते. पाण्याने इंजिन मरत नाही, चावीने मरते.

घाई कशाची करायची

घाई करायचीच आहे, पण ती पाणी बाहेर काढायची. गाडी चालू करायची नव्हे. सिलिंडरमध्ये पाणी दिवसचे दिवस राहिले तर लायनरला गंज चढतो, रिंगा चिकटतात. तेव्हा पाणी ओसरल्याबरोबर पुढच्या क्रमाने कामाला लागा. मिस्त्री कितीही ओळखीचा असो, त्याच्या शेजारी उभे राहून हा क्रम पाळून घ्या.

एक. चावीला हात लावू नका. नुसते दिवे लागतात का, हे बघायलाही नाही. आधी बॅटरीची वायर काढा, निगेटिव्हची पहिली. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा ट्रकांमध्ये इंजिनाचा संगणक आणि डझनभर सेन्सर असतात. ओल्या कनेक्टरमध्ये वीज सोडली की इंजिन शाबूत आणि संगणक जळालेला, अशी गत होते.

दोन. एअर फिल्टर उघडा. आत ओल किंवा गाळ असेल तर पाणी पुढे गेले आहे, असेच धरून चाला. फिल्टर वाळवून पुन्हा घालू नका, बदला. हवेचे पाइप टर्बोपर्यंत काढून पुसून घ्या.

तीन. ऑइलचा गज काढून बघा. ऑइलची पातळी वर चढली असेल किंवा ऑइल दुधाळ चहासारखे दिसत असेल तर पाणी चेंबरमध्ये आहे. खालचा नट हळूहळू सैल करा. पाणी जड, म्हणून आधी पाणी येईल, मागून ऑइल. सगळे काढा, फिल्टर बदला.

चार. सगळे नोझल काढा. गाडी न्यूट्रल करा. क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. अडले तर जोर लावू नका, तिथेच थांबा. मोकळे फिरले तर इंजिन वाचले म्हणा. मग डिझेल बंद ठेवून सेल्फ थोडा थोडा मारा. नोझलच्या भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडतील, तोंड बाजूला ठेवा. पाणी यायचे थांबले की प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे स्वच्छ ऑइल सोडा. नोझल बसवताना वायसर नवे घाला. कॉमन रेल इंजिनाचे नोझल आणि वरच्या दाबाचे पाइप मात्र जाणकार मिस्त्रीशिवाय कुणी उघडू नयेत.

पाच. डिझेल टाकीच्या तळाचा नट उघडून पाणी काढा, पाणी धरणारी वाटी रिकामी करा, दोन्ही डिझेल फिल्टर बदला, हातपंपाने एअर काढा. जुन्या पंपाच्या गाडीला पाणी गेलेले डिझेल त्रास देते. नव्या कॉमन रेलचा पंप त्याने कायमचा जातो.

सहा. गिअरबॉक्स आणि हौसिंगचे ऑइल बघा. गरम हौसिंग थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि हवेच्या भोकातून पाणी आत ओढले जाते. ट्रॅक्टरमध्ये बहुधा गिअर, हौसिंग आणि हायड्रॉलिकचे ऑइल एकच असते. तिथे पाणी गेले तर तिन्ही गेले. चाकांच्या बेअरिंगचे ग्रीस बदला, ब्रेकचे ड्रम उघडा, सेल्फ आणि डायनामो काढून वाळवा.

सात. मगच चालू करा. भार न टाकता दहा-पंधरा मिनिटे चालवा, ऑइलच्या दिव्यावर नजर ठेवा. थोडे तास चालवल्यावर ऑइल पुन्हा बदला. दुसऱ्यांदा बदललेल्या ऑइलचा खर्च जिवावर येतो. ब्लॉकचा खर्च आठवा, म्हणजे येणार नाही.

ओढ्यातून जाताना चालू इंजिन पाण्यात बंद पडले असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा रॉड तिथेच, त्या क्षणी वाकलेला असू शकतो. अशी गाडी पाण्यात पुन्हा चालू करायचीच नाही. बाहेर ओढायची ती न्यूट्रलमध्ये. पाणी काढून झाल्यावर मिस्त्रीकडून प्रत्येक सिलिंडरचे कम्प्रेशन मोजून घ्यायचे. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा कमी दाखवत असेल तर हेड उतरवून सगळे पिस्टन सारख्याच उंचीवर येतात का, ते बघायचे. कमी उंचीवर थांबणारा पिस्टन म्हणजे वाकलेला रॉड.

गाडी चालू झाल्यावरही महिनाभर तिच्याकडे कान द्या. चालू होऊन बंद पडते, तर डिझेलमध्ये पाणी किंवा एअर आहे. काळा धूर आणि ओढ नाही, तर हवा कमी पडते. फिल्टर, पाइप, टर्बो बघा. पांढरा धूर जात नाही आणि एक सिलिंडर मारत नाही, तर कम्प्रेशन मोजा. काटा तापतो, तर रेडिएटरच्या जाळीत सीनेचा गाळ बसलेला आहे. ऑइलची पातळी आपोआप वाढते, तर पाणी अजून येते आहे. आणि एका तालात ठोके पडू लागले, तर त्याच जागी इंजिन बंद करा. भरलेला ऊस दुसऱ्या गाडीत घालावा लागला तरी चालेल.

थांबला तरी मेला, उघडले तरी मेला

इथपर्यंत सगळे ऐकून एखादा भाऊ म्हणेल, समजले, आम्ही चुकलो. नाही भाऊ, सगळी चूक तुझी नाही. खरी मेख पुढे आहे.

विमावाला सांगतो, आमचा पाहणी करणारा येईपर्यंत गाडी उघडू नका; उघडली तर दावा बसणार नाही. आणि लोखंड सांगते, आजच उघडा. उद्या गंज चढेल. पुराच्या धुमाळीत पाहणी करणारा किती दिवसांनी येतो, ते आपण भोगले आहे. तो येईपर्यंत थांबावे तर इंजिन मरते. न थांबावे तर दावा मरतो. दोन्हीकडून मरतो तो शेतकरी.

म्हणून पाहणीला कुणी येवो न येवो, पुरावा आपणच करायचा. पाणी गाडीवर कुठवर चढले, ती रेघ धुण्याआधी तिचा फोटो काढा. फोटोत नंबर दिसू द्या. कंपनीला फोन करून भागत नाही, लेखी कळवा आणि पोच ठेवा. त्यात लिहा, की गंज चढू नये म्हणून अमुक वेळेला आम्ही पाणी काढणार आहोत, तोवर माणूस पाठवा. नोझल काढताना, चेंबरचा नट उघडताना मोबाईलवर चित्रण करा. निघालेले पाणी-ऑइल पारदर्शक बाटलीत भरून ठेवा. गावातल्या दोघा-तिघांच्या सह्यांचा पंचनामा करा. मिस्त्रीची पावती घ्या, बदललेला सुटा भाग फेकू नका.

गाडीच्या विम्याच्या अटींत मालकाने नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घ्यावी, असे कलम असते. पाणी काढणे ही तीच काळजी आहे. त्यांचेच कलम त्यांच्या पुढ्यात ठेवा.

आता विम्याचे खरे रूप बघा. कायद्याने सक्तीचा आहे तो फक्त तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा. आपल्यातल्या पुष्कळांकडे तेवढाच असतो. त्यात आपल्या बुडालेल्या गाडीला एक पैसा नाही. ज्यांचा स्वतःच्या गाडीचा विमा असतो, त्यांच्या कागदावर पूर हा शब्द असतो. पण खाली यांत्रिक बिघाड आणि परिणामी नुकसान वगळल्याचा दुसरा शब्द असतो. पहिल्या शब्दावर हप्ता घेतात, दुसऱ्यावर दावा नाकारतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा शहरातल्या मोटारी अशाच बुडाल्या. त्यानंतरच्या वर्षांत इंजिनासाठी वेगळा जोड-विमा बाजारात आला. शहरातल्या मोटारवाल्याला तो दुकानात विचारून देतात. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला कुणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. शेतीकामासाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याने ऊस वाहत होता, म्हणून बोट ठेवायला तर सगळेच तयार.

दावा नाकारला तर घरी बसू नका. नकार लेखी मागा. विमा लोकपालाकडे जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. वकील लावलाच पाहिजे, असेही नाही.

बत्तीस हजारांचा बैल

आता सरकारकडे वळू.

राज्य सरकारने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून तीन लाख. गाळ भरलेल्या विहिरीला ३० हजार. दुधाळ जनावराला ३७,५००, ओढकामाच्या जनावराला ३२ हजार, कोंबडीला १००. यातले हाती किती पडले, तो हिशेब प्रत्येक गावाने स्वतंत्र मांडावा. आमचा आजचा प्रश्न यादीचा आहे.

केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी आपत्ती मदतीचे निकष ठरवले होते. त्यांत ओढकामाचा बैल होता, घोडा होता, उंटसुद्धा होता. कोळ्याची होडी आणि जाळे होते. हातमागवाल्याची अवजारे होती. हे सगळे योग्यच. सोलापुरात माग चालवणाऱ्याचे दुःख आम्हांला कुणी शिकवायला नको. म्हणजे ज्याच्यावर पोट चालते ते साधन बुडाले तर भरपाई द्यायची, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. मग त्याच यादीत ट्रॅक्टरला जागा का नव्हती? ट्रॅक्टर हा शेतकऱ्याचा आजचा बैल नव्हे काय? बैल वाहून गेला तर ३२ हजार. त्या बैलाच्या जागी कर्ज काढून घेतलेला ट्रॅक्टर गाळात रुतला तर शून्य!

दिल्ली-मुंबईत बसून यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शेतकरी अजून धोतर नेसून औत हाकतो आहे. भाषणात मात्र यांत्रिकीकरण, आधुनिक शेती, निर्यात. कर्ज देताना शेतकरी आधुनिक, भरपाई देताना शेतकरी पुराणातला.

योगायोग बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. त्याची जाहिरात झाली, आणि त्याच आठवड्यात सीनेकाठचे ट्रॅक्टर पाण्याखाली होते. नवा ट्रॅक्टर घेणाऱ्याला सवलत दिली, तिला आमचा विरोध नाही. पण बुडालेला जुना उभा करणाऱ्याला काय? बैल गेला आणि झोपा केला, अशी म्हण आहे. इथे बैल गेल्यावर नव्या बैलाची जाहिरात केली.

काही शहाणे म्हणतील, ट्रक हा धंदा झाला, शेती नव्हे. त्यांनी कारखान्याचे बिल वाचावे. उसाच्या भावातून तोडणी आणि वाहतूक कापून घेतात. वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या उसातून वजा होतो, तेव्हा ती शेती असते. वाहतुकीचे इंजिन बुडते, तेव्हा तो धंदा होतो. असा हा न्याय!

चावी फिरवणारा हात कुणाचा

आम्ही वर म्हटले, इंजिन चावीने मरते. पण ती चावी त्या सकाळी फिरवायला लावतो कोण?

कारखान्याचा करार झालेला असतो. टोळीच्या मुकादमाला उचल दिलेली असते, ती स्वतःच्या सहीवर. हंगामाची तारीख ठरलेली. फायनान्सवाल्याचा हप्ता महिन्याच्या महिन्याला. पुराचे पाणी अंगणात असताना वसुलीचा फोन येतो. या सगळ्यांच्या घाईचा भार त्या एका चावीवर असतो. दोन दिवस थांबून नोझल काढायचे सोडून शेतकरी साखळी का लावतो? तो अडाणी आहे म्हणून नव्हे. त्याच्याकडे दोन दिवस नाहीत म्हणून.

आणि ओढ्यात गाडी घालणाऱ्याला बेफिकीर म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या पाणंद रस्त्याने चालून दाखवावे. फडातून डांबरी रस्त्यापर्यंत यायचे तर मध्ये ओढा, ओढ्यावर पूल नाही. कुठे फरशी आहे, ती पहिल्याच पावसात पाण्याखाली. १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे, जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम आहे, २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाची पाणंद रस्त्यांची योजना आली. कागदावर रस्ता आहे, ओढ्यात पाणी आहे, मध्ये आमचे इंजिन आहे.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

रडगाणे गाऊन उठायचे नाही. जिल्हा बैठकीपुढे आम्ही हे ठराव ठेवतो आहोत. तालुका बैठकांनी त्यांवर चर्चा करून यावे.

पहिला ठराव सरकारला. पुराच्या पंचनाम्यात ट्रॅक्टर, मळणी यंत्र, डिझेल इंजिन, पाणबुडी मोटर आणि शेतकऱ्याच्या मालकीचे माल वाहन यांचा वेगळा रकाना हवा. बैलाला जो न्याय, तोच बैलाच्या जागी आलेल्या यंत्राला.

दुसरा ठराव महसूल खात्याला आणि विमा कंपन्यांना. बुडालेल्या यंत्राची पाहणी ४८ तासांत व्हावी. झाली नाही तर तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, किंवा ग्रामपंचायत यांच्या सहीचा पंचनामा ग्राह्य धरावा आणि इंजिन उघडले या एका कारणावरून दावा नाकारू नये.

तिसरा ठराव विमा विकणाऱ्यांना. पाणी गेलेल्या इंजिनाला काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे पहिल्या पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा.

चौथा ठराव कारखान्यांना आणि फायनान्सवाल्यांना. पूरग्रस्त गावातल्या वाहनाचा करार आणि हप्ता यांना मुदत द्या. वाकलेल्या रॉडची गाडी उसाखाली घातली तर तिच्यापुढून आणि मागून माणसे चालत असतात.

पाचवा ठराव आपला आपल्याला, आणि तो आम्ही सगळ्यात महत्त्वाचा मानतो. पावसाळ्याआधी नदीकाठच्या प्रत्येक गावाने गाड्या कुठल्या उंचवट्यावर न्यायच्या, ती जागा ठरवून ठेवावी. उजनीतून किंवा सीना-कोळेगावातून पाणी सोडल्याचा निरोप आला की जनावरांबरोबर यंत्रेही हलवावीत. हलवता आली नाहीत तर बॅटरीची वायर काढावी, हवा घ्यायचे तोंड आणि सायलेन्सरचे तोंड प्लॅस्टिकने घट्ट बांधावे. गावातल्या एका तरी पोराने नोझल काढून इंजिन हाताने फिरवणे शिकून घ्यावे. पुढच्या तालुका बैठकीत भाषणांआधी हे प्रत्यक्ष करून दाखवायचे. जुने इंजिन आणि पाने आम्ही आणतो.

सरकारशी भांडायचे ते भांडूच. पण आपल्या अंगणातले इंजिन वाचवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. पाणी पुन्हा येणार आहे. ते ओसरेल त्या सकाळी, कुणीतरी "एकदा सेल्फ मारून बघू की" म्हणेल, तेव्हा ती चावी काढून खिशात घाला आणि पाना मागा.